कराओकेच्या खोलीतून दिसणारा जपान

जपानला जाणाऱ्या भारतीय पर्यटकांचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. फुजी पर्वत, क्योतोची देवळं, बुलेट ट्रेन आणि वेळ जुळली तर साकुराचा बहर. या धावपळीत एक गोष्ट मात्र प्रत्येकाच्या लक्षात येते, ती म्हणजे तिथली शांतता. खच्चून भरलेल्या लोकलमध्येही कुणी फोनवर बोलत नाही. रस्त्यात कुणी आवाज चढवत नाही. चारचौघांत डोळ्यांत पाणी आणणं तर दूरचीच गोष्ट. मग ही माणसं मन मोकळं करायला जातात तरी कुठं?

याचं एक उत्तर जवळजवळ प्रत्येक मोठ्या स्टेशनसमोर, रंगीत दिव्यांच्या पाटीखाली सापडतं. ते म्हणजे कराओके. आपल्याकडे कराओके म्हटलं की वाढदिवसाची पार्टी, सोसायटीचं गॅदरिंग किंवा किशोर-रफींची गाणी म्हणणारा ज्येष्ठांचा ग्रुप डोळ्यांसमोर येतो. जपानमध्येही दंगामस्ती असतेच. पण तासाभरानं दंगा ओसरला की कुणीतरी हळूच एक संथ गाणं लावतं आणि खोलीतला सगळा नूरच पालटतो.

ही गाणी विरहाची असतात, घर सुटल्याची असतात, कायमच्या गेलेल्या माणसांची असतात. गंमत म्हणजे ती दुःखाची कारणं फारशी सांगत नाहीत. ती एखादं स्टेशन दाखवतात, एखादी नदी, बर्फात उभी असलेली एखादी बोट. उरलेली जागा गाणाऱ्यानं आपल्या आठवणींनी भरायची. म्हणूनच ही गाणी आणि त्यांची गावं दोन्ही पाहण्यासारखी आहेत. जपानला जाणार असाल, तर एक संध्याकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवा.

कोबेतला रिकामा वाद्यवृंद

'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हे 'ऑर्केस्ट्रा'चं जपानी लघुरूप. वाद्यवृंद आहे, पण गायकाची जागा रिकामी आहे, असा हा शब्द.

या कल्पनेचं श्रेय बहुतेकदा कोबे शहरातल्या दाइसुके इनोउए यांना दिलं जातं. ते बारमध्ये ग्राहकांच्या गाण्याला वाद्याची साथ करत. एका कंपनीच्या मालकाला सहलीत गायचं होतं आणि इनोउएंना सोबत जाता येत नव्हतं. त्यांनी साथीची टेप करून दिली आणि त्यातूनच यंत्राची कल्पना सुचली. १९७१ मध्ये त्यांनी अशी ११ यंत्रं बनवून कोबेतल्या बारना भाड्यानं दिली. नाणं टाकायचं, माइक हातात घ्यायचा आणि गायचं. त्याआधी १९६७ मध्ये टोकियोतल्या शिगेइची नेगिशी यांनीही असंच एक यंत्र तयार केलं होतं. दोघांपैकी कुणीही पेटंट घेतलं नाही. इनोउएंना २००४ मध्ये 'इग नोबेल' हे गमतीदार पारितोषिक मिळालं, तेही शांततेसाठी! एकमेकांना सहन करण्याचा नवा मार्ग त्यांनी माणसांना दिला, असं त्यामागचं कारण होतं.

सुरुवातीला हे सगळं बारपुरतं, म्हणजे अनोळखी लोकांसमोर गाण्यापुरतं होतं. १९८५ मध्ये ओकायामा भागात मालवाहू कंटेनरमध्ये फेरफार करून गाण्याची बंद खोली तयार झाली. हाच 'कराओके बॉक्स'. इथून कराओके घरच्या मंडळींचं, मैत्रिणींचं आणि शाळकरी मुलांचंही झालं. दार लावलं की बाहेरच्या कुणालाही ऐकू जात नाही, हीच त्याची खरी जादू.

खोलीत गेल्यावर

भाडं माणशी आणि अर्ध्या किंवा एका तासाच्या हिशेबानं असतं. कामाच्या दिवशी दुपारी स्वस्त, शुक्रवार-शनिवारी रात्री महाग. बऱ्याच ठिकाणी प्रत्येकानं किमान एक पेय घ्यावं लागतं. खोलीत सोफा, पडदा, दोन माइक, कधी खंजिरी आणि गाणी शोधायला टॅबलेट असतो. त्यात बहुधा इंग्रजी पर्यायही मिळतो. गाण्याची पट्टी आणि लय दोन्ही बदलता येतात, तेव्हा सूर वर जातोय म्हणून घाबरू नका. शाकाहारी मंडळींनी खाण्याची फार अपेक्षा ठेवू नये. बटाट्याच्या फ्राइजवर भागवावं आणि बाकी पोटपूजा आधीच उरकावी. मुलं बरोबर असतील तर लवकर जा. टोकियोत रात्री ११ नंतर १८ वर्षांखालच्यांना पालकांसोबतही प्रवेश नसतो.

काही साधे संकेत पाळायचे. कुणाचं गाणं मधेच तोडायचं नाही. लागोपाठ दोन गाणी आपणच म्हणायची नाहीत. सूर कितीही हुकला तरी शेवटी टाळ्या वाजवायच्या. आणि एखाद्याचं हुकमी गाणं आपण पळवायचं नाही. अशा हुकमी गाण्याला जपानीत 'जुहाचिबान' म्हणजे 'अठरा नंबर' म्हणतात. काबुकी नाटकातल्या इचिकावा घराण्याच्या १८ खास नाटकांवरून हा शब्द आला, असं सांगतात.

एकट्यानं जाणंही तिथं अगदी सर्वमान्य आहे. त्यासाठी 'हितोकारा' असा शब्दसुद्धा आहे. ऑफिस सुटल्यावर एक तास एकट्यानं गाऊन मग घरी जाणारी माणसं कमी नाहीत.

जपानी येत नाही? बाराखडी तर येते!

पडद्यावर जपानी अक्षरं पाहून धीर सोडू नका. मराठी माणसाला इथं एक मोठी सोय आहे. जपानी मुलं शाळेत जो अक्षरक्रम शिकतात तो असा: आ, इ, उ, ए, ओ. मग का, की, कु, के, को. पुढे सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचं वाटलं ना? वाटणारच. बौद्ध धर्मासोबत संस्कृतचं उच्चारशास्त्र जपानला पोचलं आणि तिथल्या अक्षरांची मांडणी त्या धर्तीवर झाली. आपल्या 'प'च्या जागी त्यांचा 'ह' का, तर फार जुन्या जपानीत त्या 'ह'चा उच्चार 'प'सारखा होता!

त्यामुळे जपानी गाणं रोमन लिपीपेक्षा देवनागरीत कितीतरी नेमकं उतरवता येतं. आवडलेलं एखादं गाणं निघण्याआधी पंधरा-वीस वेळा ऐका आणि वहीत देवनागरीत लिहून घ्या. ऱ्हस्व-दीर्घाकडे तेवढं लक्ष द्या, कारण जपानीत त्यानं अर्थ बदलतो.

सुरांचंही तसंच. जुन्या धाटणीच्या अनेक जपानी गाण्यांत 'योनानुकी' नावाची पाच सुरांची रचना असते. 'योनानुकी' म्हणजे चौथा आणि सातवा सूर वगळलेली. त्यातल्या एका प्रकारात सा, रे, ग, प, ध एवढेच सूर उरतात. म्हणजे आपल्या भूपाचेच स्वर! 'एन्का' या दर्दभऱ्या गीतप्रकारात आवाजाला जो छोटासा हेलकावा देतात त्याला 'कोबुशी' म्हणतात. भावगीतातल्या हरकतींवर वाढलेल्या कानाला तो परका वाटत नाही.

कावासाकी: वर बघत चालणारा मुलगा

सुरुवात करायला सर्वांत सोपं गाणं म्हणजे 'उए ओ मुइते आरुको', अर्थात 'वर बघत चालूया'. वर कशासाठी बघायचं, तर डोळ्यांतलं पाणी खाली सांडू नये म्हणून. चाल इतकी हसरी आणि मधे शीळ इतकी गोड, की शब्द कळेपर्यंत हे रडवं गाणं आहे हे लक्षातच येत नाही.

१९६१ चं हे गाणं गायलं क्यू साकामोतो यानं. संगीत हाचिदाइ नाकामुरा यांचं आणि शब्द रोकुसुके एइ यांचे. १९६० मध्ये अमेरिकेसोबतच्या सुरक्षा कराराविरुद्ध जपानमध्ये प्रचंड आंदोलन झालं, तरी करार झालाच. आंदोलनातून परतताना वाटलेली निराशा एइंनी या गाण्यात उतरवली, असं सांगतात. पण गाण्यात करार नाही, मोर्चा नाही. आहे तो फक्त रात्री एकटाच चालणारा माणूस. म्हणूनच परीक्षेत नापास झालेल्या मुलापासून जोडीदार गमावलेल्या आजोबांपर्यंत प्रत्येकाला ते आपलंच वाटलं.

परदेशी लोकांना नाव उच्चारता यावं म्हणून ते तिकडे 'सुकियाकी' या नावानं विकलं गेलं. सुकियाकी हा तर गोमांसाचा एक पदार्थ, गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरीही जून १९६३ मध्ये हे जपानी भाषेतलं गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

१२ ऑगस्ट १९८५ रोजी टोकियोहून ओसाकाला निघालेलं जपान एअरलाइन्सचं विमान गुन्मा भागातल्या डोंगरात कोसळलं. ५२४ जणांपैकी फक्त चौघी वाचल्या. गेलेल्या ५२० जणांत क्यू साकामोतो होता. वय अवघं ४३. तेव्हापासून हे गाणं म्हणताना गाणाऱ्याच्या स्वतःच्या दुःखात त्याच्या आठवणीचीही भर पडते. टोकियोजवळचं कावासाकी हे त्याचं जन्मगाव. तिथल्या जेआर स्टेशनवर गाडी सुटताना याच गाण्याची धून वाजते. धावत गाडी पकडणारे त्या सुरांवर वर न बघता धावतात, पण धून मात्र सर्वांना ठाऊक असते.

योकोहामा: नदीचं गाणं आणि 'मामा'चा बार

कावासाकीहून थोडं पुढे योकोहामा लागतं. तिथल्या साकुरागिचो स्टेशनजवळ नोगे नावाची जुनी खाण्यापिण्याची वस्ती आहे. अरुंद गल्ल्या, दहा-बारा माणसं मावतील एवढे छोटे बार. यांना 'स्नॅक' म्हणतात, पण ते फराळाचं दुकान नव्हे! गल्ल्यावरच्या मालकिणीला सगळे 'मामा' म्हणतात. ही मामा म्हणजे आई, आपला आईचा भाऊ नव्हे. इथं बंद खोली नसते, अनोळखी माणसांसमोर गावं लागतं. आत शिरताना बसण्याचे आणि गाण्याचे पैसे किती, ते आधी विचारून घ्यावं.

याच नोगेत डोक्यावर उंच टोपी घातलेल्या एका मुलीचा पुतळा आहे. ती हिबारी मिसोरा. १९३७ मध्ये योकोहामातल्या एका मासेविक्रेत्याच्या घरी जन्मलेली ही मुलगी युद्धानं होरपळलेल्या जपानचा आवाज बनली. १९४९ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी ती चित्रपटात गात होती आणि पुढची चाळीस वर्षं गातच राहिली.

१९८७ मध्ये ती गंभीर आजारी पडली. अनेक महिने रुग्णालयात काढून एप्रिल १९८८ मध्ये ती पुन्हा टोकियो डोमच्या मंचावर उभी राहिली. जानेवारी १९८९ मध्ये सम्राट हिरोहितो गेले, शोवा युग संपलं आणि त्यानंतर काही दिवसांतच तिचं 'कावा नो नागारे नो यो नी' हे गाणं आलं. अर्थ: 'नदीच्या प्रवाहासारखं'. मागे वळून पाहिलं तर लांबवर गाव दिसतं, वाट वाकडीतिकडी होती, पण तेच तर आयुष्य, असा काहीसा त्याचा भाव आहे. त्याच वर्षी २४ जूनला, ५२ व्या वर्षी हिबारी गेली.

विशेष म्हणजे हे शब्द तरुण यासुशी आकिमोतो यांचे, ज्यांनी पुढे 'एकेबी ४८' हा मुलींचा गायकसमूह घडवला. गाणं संथ आहे, शब्द सुटे सुटे आहेत, त्यामुळे नवख्यालाही झेपतं. 'स्नॅक'मध्ये एखाद्या पाहुण्यानं हे गाणं अडखळत का होईना म्हटलं, तर बाकीची मंडळी धृपदाला हमखास साथ देतात.

इशिगाकी: अल्बमची जुनी पानं

आता एक लांब उडी मारू. जपानच्या अगदी दक्षिण टोकाला, ओकिनावाच्याही पलीकडे, तैवानच्या जवळ इशिगाकी हे बेट आहे. निळंशार पाणी, उसाची शेतं, दमट हवा. कोकणातल्या माणसाला ओळखीचं वाटावं असं. इथल्या 'बिगिन' या वाद्यवृंदानं एक चाल बांधली आणि तिला नाव दिलं 'नादा सोसो'. हे टोकियोचं जपानी नव्हे, ओकिनावाची बोली आहे. अर्थ: टपटप ओघळणारे अश्रू.

शब्द लिहिले गायिका र्‍योको मोरियामा यांनी. हे नाव त्यांच्यासमोर आलं तेव्हा त्यांना आठवला तरुणपणी गेलेला त्यांचा भाऊ. गाण्यात 'भाऊ' हा शब्द नाही, मृत्यूचाही उल्लेख नाही. जुना फोटोंचा अल्बम चाळणं आहे आणि संध्याकाळची पहिली चांदणी आहे. १९९८ मध्ये मोरियामांनी ते स्वतः गायलं, पुढे 'बिगिन'नं गायलं आणि २००१ मध्ये इशिगाकीच्याच रिमी नात्सुकावा हिच्या आवाजात ते घराघरांत पोचलं.

कुणी ते प्रियकरासाठी गातं, कुणी आजीसाठी. केन्शी योनेझु या आजच्या पिढीच्या लाडक्या गायकाचं 'लेमन' हे २०१८ चं गाणंही याच वाटेवरचं. ते लिहीत असतानाच त्याचे आजोबा गेले. तिथंही दुःखाला एक फळ पुरतं, लिंबाचा आंबटकडू वास. तुमच्या घरातल्या कॉलेजवयीन मुलांना हे गाणं बहुधा पाठ असेल. तेव्हा खोलीत गेल्यावर पहिला माइक त्यांच्याकडेच द्या.

उएनो ते आओमोरी: न उरलेला प्रवास

शेवटचं गाणं मात्र तिथं जाऊनच ऐकावं असं आहे. टोकियोचं उएनो स्टेशन म्हणजे उत्तरेचा दरवाजा. युद्धानंतरच्या दशकांत उत्तरेकडच्या गरीब गावांतली शाळा संपलेली पोरं खास गाड्या भरून इथं कामाला येत. कोकणातले चाकरमानी मुंबईला आले, तसेच. स्टेशनाबाहेर त्यांच्या आठवणीचं एक गाणंशिल्पही आहे.

१९७७ च्या 'त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकी' या गाण्यातली बाई उलट्या दिशेनं निघाली आहे. उएनोहून रात्रीच्या गाडीत बसून ती सकाळी आओमोरीला उतरते. बर्फ पडतोय. उत्तरेला निघालेली गर्दी गप्प आहे. तीही गपचूप बोटीत चढते आणि गारठलेल्या समुद्रपक्ष्यांकडे पाहत रडते. कुणाचा तरी निरोप घेऊन ती घरी परत चालली आहे. काय बिनसलं, ते गाणं सांगत नाही. यू आकु यांचे शब्द, ताकाशी मिकी यांचं संगीत आणि गायिका सायुरी इशिकावा, तेव्हा फक्त १८ वर्षांची.

ती बोट म्हणजे आओमोरी आणि होक्काइदो बेटावरचं हाकोदाते यांना जोडणारी रेल्वेची फेरी. सुमारे चार तासांचा प्रवास. सप्टेंबर १९५४ मध्ये वादळात या मार्गावरची 'तोया मारू' बुडाली आणि अकराशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर समुद्राखालून बोगदा खणण्याच्या योजनेला जोर आला. ५३.८५ किलोमीटरचा सेइकान बोगदा १३ मार्च १९८८ रोजी सुरू झाला आणि रेल्वेची फेरी बंद पडली.

आज टोकियोहून शिन-आओमोरीला बुलेट ट्रेन सव्वातीन तासांच्या आसपास पोचवते. आओमोरी बंदरात 'हाक्कोदा मारू' ही जुनी फेरीबोट संग्रहालय म्हणून उभी आहे. तिच्या पोटात शिरून रेल्वेचे डबे ठेवायचे रूळ पाहता येतात. जवळच गाण्याचं स्मारक आहे, आपण समोर गेलो की सूर सुरू होतात.

तिथून वायव्येला तप्पी नावाचं भूशिर आहे. गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात त्याचं नाव येतं. बुलेट ट्रेनचं ओकुत्सुगारू-इमाबेत्सु हे स्थानक त्यातल्या त्यात जवळ, पुढे गाडी करून गेलेलं बरं. वारा असा, की टोपी हातात धरावी लागते. समोर होक्काइदोचा किनारा दिसतो आणि पायांखालून बोगदा गेलेला असतो. इथंही गाण्याचं स्मारक आहे, त्यावर एक लाल बटण. ते दाबलं की त्या वाऱ्यात गाणं मोठ्यानं वाजू लागतं. त्याच भूशिरावर बोगदा खणताना जीव गमावलेल्या ३४ कामगारांचं स्मारक आहे. दोन्ही पाहिल्याशिवाय परतू नका.

उएनोहून निघणारी ती रात्रीची गाडी आता नाही. रूळ पोटात घेऊन जाणारी फेरीही नाही. खासगी कंपन्यांच्या फेऱ्या मात्र आजही आओमोरी-हाकोदाते मार्गावर चालतात. हिवाळ्यात त्यातून जाऊन पाहावं. पण त्या बाईचा मूळ प्रवास आता फक्त गाण्यात उरला आहे. जपानच्या कुठल्या ना कुठल्या खोलीत रोज रात्री कुणीतरी माइक हातात घेतं आणि तिच्यासोबत त्या बोटीत चढतं. त्यातल्या अनेकांनी आओमोरी पाहिलेलंही नसेल. त्यांचा निरोप वेगळा, त्यांचं बंदर वेगळं. तुमचंही वेगळंच असेल.

ठरलेली वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी खोलीतला फोन वाजतो. अजून वेळ वाढवायचा का, असं पलीकडून नम्रपणे विचारतात. सगळे एकमेकांकडे बघतात. एखादं गाणं राहिलेलंच असतं.